रानडुकरासाठी २२३ की ३०८?

रानडुकराच्या शिकारीसाठी रायफलचं कोणतं काडतूस घ्यावं, २२३ की ३०८? कागदावर हिशेब सरळ आहे. २२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ९९० मीटर वेगाने सुटते, पण तिचं वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम. ३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी ८६० मीटरच्या आसपास सुटते आणि पावणेदहा ग्रॅम भरते. म्हणजे नळीच्या तोंडाशी ऊर्जा दुप्पट.

खरा फरक पडतो तो डुकराच्या अंगावर. पोक्त नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो, अक्षरशः ढालच. त्यावर २२३ची पातळ कवचाची, लहान प्राण्यांसाठी बनवलेली गोळी वरच्या वर फुटू शकते. जखम दिसते, पण जनावर पळतं. शिवाय हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. ३०८ची गोळी बहुतेकदा आरपार जाते, आणि हे महत्त्वाचं, कारण गोळी आत शिरल्याचं भोक चरबीने बुजतं आणि एकाच छिद्रातून रक्ताचा माग फारसा पडत नाही.

२२३ची बाजू? बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का नगण्य, त्यामुळे कळप उधळला तरी दुर्बिणीतून नजर हलत नाही आणि दुसरी गोळी लगेच. पूर्ण तांब्याची किंवा बाँडेड (आतलं शिसं कवचाला घट्ट जोडलेली) गोळी घेतली तर तीही खोल जाते. पण मग नेम कानामागेच हवा, आणि चरणारं डुक्कर डोकं कधी स्थिर ठेवतं?

माझी निवड ३०८. धक्क्याला बिचकून ट्रिगर ओढणाऱ्याने मात्र २२३च घ्यावी, आणि मोठ्या नराला सोडून द्यावं.