१४ महिने डिझेल यूट आणि पेट्रोल स्विफ्ट, दोन्ही वापरल्यावर

जून २०२५, पहाटेचे पावणेसहा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटमधली थंडी, काचेवर दव गोठून पांढरं झालेलं, आणि फर्स्ट शिफ्टला निघालेला मी पहिल्याच राउंडअबाउटवर अडकलो. यूट, म्हणजे मागे उघडा ट्रे असलेली पिकअप गाडी, बंद पडली नाही. आधी एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ती ४० च्या पुढे सरकेना. तशीच रडतखडत कामावर नेली. संध्याकाळी बायको स्विफ्ट घेऊन न्यायला आली. ११ वर्षांची स्विफ्ट, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, नेहमीसारखी पहिल्या फटक्यात चालू झालेली. दोन्हीपैकी एकच गाडी ठेवायची, हे त्या सीटवर बसल्या बसल्या ठरलं. कोणती, ते ठरायला मात्र अजून महिनाभर गेला.

यूटच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. नवी कोरी, डबल कॅब, फोर बाय फोर, मे २०२४ मध्ये घेतलेली, रस्त्यावर येईपर्यंत ६० हजार डॉलर. साडेतीन टन ओढते, टनभर वाहते वगैरे सगळ्यांना पाठ आहे.

डिझेलच का, तर मी सांगलीचा. आमच्याकडे डिझेल म्हणजे दणकट आणि स्वस्त, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. भारतात २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत डिझेलचा दर सरकारच्या हातात होता आणि पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी होता. तोच हिशेब डोक्यात ठेवून मी इथे गाडी घेतली, ही माझी खरी चूक. इथे सर्वोवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलच्या शेजारी डिझेलचा आकडा बघा. बहुतेक दिवस डिझेलच महाग असतं.

आता डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, याबद्दल सविस्तर लिहितो, कारण १४ महिन्यांतली माझी निम्मी चिडचिड या एका डब्यामुळे झाली आहे.

डिझेल इंजिनाची काजळी बाहेर हवेत जाऊ नये म्हणून एक्झॉस्टमध्ये ही गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण गरम हवं आणि गाडी वीसेक मिनिटं एका वेगात पळायला हवी. माझं घर ते काम ४ किलोमीटर. बॅलरॅट समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या वर, हिवाळ्यात पहाटे शून्याच्या आसपास. इंजिन कोमट होईपर्यंत माझं पार्किंग येतं. म्हणजे जाळायचं काम एक तर सुरूच होणार नाही, नाहीतर मी ते अर्ध्यावर तोडणार.

पहिल्या जुलैतच दिवा लागला. मग माझा एक नेम झाला. दिवा लागला की रात्री जेवून वेस्टर्न फ्रीवेला लागायचं, ११० ने गॉर्डनच्या एक्झिटपर्यंत जायचं आणि वळून घरी यायचं. येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर. कुणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही, नुसती काजळी जाळायची. वहीत नोंद आहे, अशा २३ फेऱ्या. साधारण १०० लिटर डिझेल. ज्या घरात खोलीतला दिवा विसरला तर मुलांना परत पाठवतो, त्या घरातला माणूस रात्री साडेनऊला कारण नसताना डिझेल जाळतोय, हे मला शेवटपर्यंत सहन झालं नाही.

त्याहून वाईट गोष्ट डिपस्टिकवर दिसली. मी मेंटेनन्स फिटर आहे, ऑइल बघायची सवय हातालाच आहे. मे महिन्यात काडी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. इंजिनचं ऑइल कमी होतं, आपोआप वाढत नाही. थेंब बोटावर घेऊन चोळला, पातळ लागला. नाकाजवळ नेला तर डिझेलचा वास. रीजनरेशनसाठी सिलिंडरमध्ये सोडलेलं डिझेल, काम अर्धवट तुटलं की, थोडं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फिरत राहिली तर पुढे काय होतं, हे मी कामावर मशीन उघडून पाहिलेलं आहे. ज्यांची धाव माझ्यासारखी छोटी आहे त्यांनी दर रविवारी काडी बघा. दिवा लागायच्या आधी ती सांगते.

सर्व्हिसवाल्यांशी झालेलं भांडण थोडक्यात सांगतो. गाडी टो करून नेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे, हे वॉरंटीत बसत नाही. फोर्स्ड रीजन आणि ऑइल बदल मिळून बिल होईल." पद्धत म्हणजे काय, तर मी कामावर जातो आणि घरी येतो! घरी येऊन जुने ईमेल काढले. खरेदीच्या आधी मी सेल्समनला लिहून विचारलं होतं की रोजची धाव ८ किलोमीटर, डिझेल चालेल ना. त्याचं उत्तर होतं, "नो वरीज."

हे उत्तर सोन्याचं निघालं. ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉमध्ये कंपनीच्या वॉरंटीपलीकडे कायद्याची स्वतःची हमी असते. तुम्ही घेताना जो वापर सांगितला, त्याला वस्तू योग्य असली पाहिजे, हा त्याचाच भाग. दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं, ईमेल जोडला, आठवडाभरात उत्तर नाही आलं तर व्हीकॅटकडे, म्हणजे व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करणार एवढं शेवटी लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. रीजन फुकट, ऑइल आणि फिल्टर फुकट. आवाज चढवला नाही, एक शब्द वावगा लिहिला नाही. फक्त लिहिलेलं जपून ठेवलं होतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की यूट वाईट. रागात मीही तसंच लिहायला बसलो होतो. मग वहीची मागची पानं उलटली.

सप्टेंबर २०२४, गणपती. मखराचे प्लायवूडचे अखंड पत्रे, समया, दोन मोठी पातेली, खुर्च्या, सगळं एका खेपेत हॉलवर. आदल्या वर्षी याच सामानाला स्विफ्टच्या पाच खेपा झाल्या होत्या आणि पत्रे कापून पुन्हा जोडावे लागले होते. नोव्हेंबरमध्ये नुकतंच इथे आलेलं एक मराठी जोडपं घर बदलत होतं. त्यांचा फ्रिज उभाच्या उभा ट्रेवर चढवला, पट्ट्याने बांधला आणि नव्या घरी नेऊन लगेच चालू केला. त्या मुलीने परातीत पोहे केले, आम्ही चौघांनी टेलगेटवर बसून खाल्ले. परदेशात नव्या माणसाला पहिल्या वर्षी कुणाची तरी गाडी लागतेच, आम्हालाही लागली होती. तो दिवस आठवला की यूट विकायला मन होईना.

यूट हा प्रकारही मुळात आमच्या शेजारचाच. गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं होतं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँड्ट या तरुण डिझायनरने ती आखली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. एका कुटुंबाला एकच गाडी परवडते, त्या एकीतच दोन्ही कामं व्हावीत, हा विचार मला फार आपला वाटतो. पण त्या बाईंकडे दर सोमवारी न्यायला डुकरं होती.

म्हणून मोजलं. १४ महिन्यांत ट्रेची खरी गरज पडली ते दिवस १९. उरलेले दिवस दोन टनांहून जड गाडी मला आणि माझ्या डब्याला ४ किलोमीटर नेत होती. गावात १०० किलोमीटरला सरासरी १०.८ लिटर. स्विफ्टची त्याच रस्त्यांवर ६.३, वजन निम्मं. शेजारचा प्लंबर म्हणतो टॅक्समध्ये वजावट मिळते, पण ती त्याला. मी पगारी माणूस, कामावर नुसता जाण्यायेण्यासाठी गाडी वापरली तर काहीही मिळत नाही. पार्किंगचं बायकोने एका वाक्यात सांगितलं: चौकोन ५.४ मीटरचा, गाडी ५.३ ची, आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रोज मान वळवायची मी.

त्या १९ दिवसांसाठी सर्वोवर ट्रेलर भाड्याने मिळतो. स्विफ्टला टो-बार बसवून घेतला. मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा बघून घ्या, लहान गाडीची फार नसते. ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर, त्यात फ्रिज बसतो.

यूट जुलैच्या शेवटी विकली. अरारटकडचा कुंपण घालणारा माणूस घेऊन गेला. तो रोज हायवेने शंभर किलोमीटर तारा आणि खांब वाहतो. दिवा, ऑइल, पत्रव्यवहार सगळं त्याला आधी सांगितलं, कागद दाखवले. त्याने बॉनेट उघडून काडी बघितली आणि मान डोलावली. परवा त्याचा मेसेज आला, आतापर्यंत दिवा एकदाही लागलेला नाही. तीच गाडी, तीच गाळणी.

स्विफ्टचा रेगो, म्हणजे रजिस्ट्रेशन, आज भरला. गणपतीचे प्लायवूडचे पत्रे सहा फूट बाय चार फूट ट्रेलरमध्ये मागून दोन फूट बाहेर येतात. त्यांना बांधायला लाल कापड काढून ठेवलंय.