खटक्याचा, लॉकचा की साधा घडीचा? घरच्या शेडमध्ये पहिला चाकू करण्याआधी

बहिणीचा मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, चालवतो. परवा घरी आला तो मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतच. बटण दाबलं की पातं खट्कन बाहेर. "मामा, असला एक आपल्या शेडमध्ये करूया की." पोराचा हात चांगला आहे, मापाची जाण आहे, म्हणून त्याला उडवून लावलं नाही. त्याच्यासमोर तीन वाटा ठेवल्या: पाठीच्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, चालणारा साधा घडीचा चाकू, आतल्या पट्टीनं लॉक होणारा, आणि त्याला हवा होता तो खटक्याचा. शेडमध्ये एक बेंच ड्रिल, चार इंची ग्राइंडर, व्हाइस, कानशी आणि जुना बेल्ट सँडर एवढंच आहे. बहुतेकांच्या घरी याहून जास्त नसतं, तेव्हा विचार तेवढ्या हत्यारांवरच करायचा.

खटक्याच्या चाकूत पातं मिटलेलं असतानाही कमानीच्या ताणाखाली असतं. त्याला अडवून धरतो तो बटणाचा दांडा. बटण दाबलं की दांडा खाचेतून सुटतो, पातं फिरतं, आणि उघडल्यावर तोच दांडा दुसऱ्या खाचेत बसून पातं पक्कं करतो. दांडा एक, खाचा दोन. पहिली खाच सैल झाली तर चाकू खिशात उघडेल. दुसरी सैल झाली तर ऐन कामात पातं डगडगेल, नाहीतर बोटावर मिटेल. इथं जागा चुकवायला फार तर दोन-तीन शतांश मिलिमीटरची मुभा असते, आणि घरच्या बेंच ड्रिलचा स्पिंडलच त्याहून जास्त हलतो. शिवाय प्रत्येक वेळी पातं अडणीच्या पिनवर आपटतं. पिन कडक केलेली नसेल तर ती दबते. खाचेचा कोपरा टोकदार राहिला असेल तर तिथून तडा जातो. कमान बसवायला मुठीच्या आत गोल खोबण लागते, म्हणजे मिलिंग आलं. भाचा म्हणाला, कारखान्यातल्या मशीनवर करून आणतो. मशीन मालकाचं आहे. असल्या कामासाठी नोकरी धोक्यात घालू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आता कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ चा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून आपले विळे-कोयते उघड्यावर टांगलेले असतात. बाकी पात्यांसाठी नियमांत ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी अशी हद्द आहे. बटणाच्या चाकूकडे मात्र सरकार वेगळ्या नजरेनं बघतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्याचे बटणाचे, कमानीचे चाकूसुद्धा बंधनात आणले. म्हणजे जेमतेम तीन इंची पातं. ती अधिसूचना दिल्लीपुरती असली तरी नजर कुठली आहे ते तिच्यावरून कळतं. आपण तर सीमेवर राहतो. निपाणीहून कागल-कोल्हापूरला जाताना कोगनोळी नाका लागतो, निवडणुकीत तिथं पिशव्या उघडून बघतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, त्यामुळे त्या सुमारास बेळगाव शहरात बंदोबस्त असतो. पूर्वीच्या जमावबंदीच्या कलम १४४ ऐवजी आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली हत्यार घेऊन फिरायला बंदीचे आदेश निघतात. त्या दिवशी खिशात खटक्याचा चाकू सापडला, तर तो हौसेनं केला होता हे फौजदाराला पटवून देणं फार कठीण जाईल. मराठी पोराला तर जास्तच. साधा चाकूही अशा दिवसांत मी घरी ठेवून जातो.

तेव्हा पहिला चाकू म्हणून खटक्याचा माझ्या मते बाद. त्याच्यातली कारागिरी कमी दर्जाची आहे म्हणून नव्हे. उलट तिघांत ती सगळ्यात अवघड आहे. घडीचे चार चाकू नीट जमल्यावर आणि परवान्याची बाजू पोलिस ठाण्यात विचारून, जमल्यास लेखी घेऊन मगच तिच्याकडे वळावं.

लॉकचा चाकू दिसायला सोपा वाटतो. मुठीच्या आतल्या पत्र्याचा एक पट्टा कापून किंचित आत वळवायचा. पातं उघडलं की तो पट्टा पात्याच्या बुडाखाली, म्हणजे मुठीतल्या मागच्या टोकाखाली, सरकतो आणि पातं परत मिटू देत नाही. आज दिसते ती रचना अमेरिकेतल्या मायकल वॉकर या कारागिरानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नावारूपाला आणली. अडचण एकच आहे, पात्याच्या बुडाचा उतार. तो साधारण ७ ते ८ अंश लागतो. कमी पडला तर पट्टा अडकून बसतो, जास्त झाला तर दाब येताच निसटतो. माझा पहिला लॉक असाच निसटला. खानापूरला दाजींच्या परड्यात फणस फोडत होतो, पातं चिकात रुतलं, जरा पिळलं आणि ते मिटून मधल्या बोटावर आलं. तीन टाके पडले. कानशीनं धरलेला माझा कोन जवळजवळ १२ अंशांचा होता, तो नंतर मोजला. कोन पक्का धरणारा साचा, म्हणजे जिग, केल्याशिवाय हा चाकू करू नये. आणि केला तरी बोटं लांब ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटून लॉक टिकतो का ते बघितल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नये.

राहिला साधा घडीचा. त्याला लॉकच नसतो. मुठीच्या पाठीत एक जाड कमान असते, पात्याचं चौकोनी बूड तिच्यावर फिरतं, आणि सपाट बाजू कमानीवर आली की पातं थांबतं. बूड नीट चौकोनी ठेवलं तर अर्ध्यावरही एक थांबा मिळतो, त्यामुळे मिटताना पातं एकदम बोटावर येत नाही. हे पातं आपल्या ताकदीवर मिटतं हे वापरणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो टोचायला किंवा पिळायला जात नाही. लॉकवर विसंबून माणूस नको तेवढा जोर लावतो, ते इथं होत नाही. कामाच्या जागा तीनच: कमानीला दिलेला ताण, बुडाचे कोपरे आणि मधल्या पिनचं भोक. उघडा, अर्धा, मिटलेला, तिन्ही वेळा कमानीची पाठ मुठीच्या कडेला बोटानं चाचपून सपाट लागली पाहिजे. ते कानशीनं जमतं. बुडाला ०.२ ते ०.३ मिलिमीटर माल शिल्लक ठेवायचा, आधी पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून पोलाद कडक करायचं, आणि मग शेवटची बसणी करायची, कारण पाणी दिल्यावर माप थोडं हलतं. कडक झालेल्या बुडावर कानस चालत नाही, तिथं ऑइलस्टोन घ्यावा. भाच्याला हवा होता तो 'खट्' आवाजही इथं मिळतो. चांगल्या बसणीचा चाकू उघडताना जो आवाज होतो, तो ऐकून त्याचा चेहराच बदलला.

पात्याला पोलाद कोणतं? डी-२ सगळे सुचवतात. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के, गंज कमी, धार टिकाऊ. पण ते हजार अंश सेल्सियसच्या वर तापवावं लागतं, आणि कोळशाच्या भट्टीत ते नियंत्रण राहत नाही. ईएन-३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद, आपल्याकडे सहज मिळतं आणि ८२० ते ८४० अंशांवरून तेलात बुडवलं की कडक होतं. लोहचुंबक चिकटेनासं होतं ते ७७० च्या आसपास, त्याच्या थोडं वर जायचं. मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर दीड-दीड तास दोनदा ठेवलं की ५८ ते ६० रॉकवेल सी एवढा कडकपणा मिळतो. ज्याच्याकडे भट्टी नाही त्यानं उद्यमबागेतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्यावं. दुसऱ्याच्या लॉटबरोबर आपले दोन तुकडे जातात. ईएन-३१ गंजतं हे खरं, आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबर म्हणजे लोखंडाची परीक्षाच. पण घडीचा चाकू धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं. खटक्याच्या चाकूत उसाचा रस किंवा काजूचा चीक आत गेला तर सगळा खोलावा लागतो.

कमानीसाठी ईएन-४२ या स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी घ्यावी. भंगारात ट्रकचे कमानपाटे स्वस्त मिळतात, पण ते जाड असतात आणि वर्षानुवर्षं राबून आत तडे गेलेले असू शकतात. कमान कडक केल्यावर घासून चकचकीत करायची आणि कढईत तापवलेल्या वाळूत ठेवायची. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग चढत जातात. निळा आला, म्हणजे तीनशेच्या आसपास, की बाहेर काढायची. पिवळ्यावर थांबलात तर कमान मोडते.

मुठीला वखारीतून पावतीसह घेतलेला शिसवीचा तुकडा किंवा म्हशीचं शिंग. खानापूरच्या रानात सांबराचं गळालेलं शिंग सापडतं आणि त्याची मूठ देखणी होते, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. ते उचलूच नये.

माझा सल्ला त्यानं ऐकला. पोलाद आणायच्या आधी मी त्याला जाड पुठ्ठा, कात्री आणि तीन ड्रॉइंग पिना दिल्या. पातं, कमान आणि मूठ पुठ्ठ्यात कापून फळीवर टोचली. पहिल्या आराखड्यात मिटलेल्या पात्याचं टोक मुठीबाहेर चार मिलिमीटर येत होतं, दुसऱ्यात धार कमानीला लागत होती. पाचवा बरोबर जमला. तो त्यानं पत्र्यावर आखून घेतलाय, येत्या रविवारी पहिलं भोक पाडणार आहे. चाकू त्याच्या वडिलांसाठी आहे, काजूच्या कलमांना. पातं पावणेतीन इंची.