बीटलचं इंजिन, 82,500 रुपये आणि न फोडलेला बॉक्स

82,500 रुपये गेले. फोक्सवॅगन बीटल 1300, 1285 सीसी, 77 मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास). ‘पूर्ण रिबिल्ड’ म्हणून मेकॅनिकने जे इंजिन गळ्यात मारलं, ते फक्त धुऊन, रंगवून, नवी पॅकिंगं घालून बंद केलेलं होतं.

पैसे असे दिले: ॲडव्हान्स 25,000, बॅरल-पिस्टन सेट 22,500, बेअरिंग 11,800, केसचं (इंजिनाच्या कवचाचं) लाइन बोरिंग, म्हणजे बेअरिंगच्या जागा एका रेषेत कापणं, आणि क्रँक ग्राइंडिंग 14,000, शेवटी मजुरी 9,200. दुसऱ्या ठिकाणी 1,60,000 सांगितले होते, तेवढे नव्हते. कमी पैशात काम करून घेणं हा गुन्हा नाही. शिवाय मेकॅनिक अडाणी नव्हता. ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेत उभा असतो म्हणून तीन नंबरचा सिलिंडर जास्त तापतो, मॅग्नेशियमच्या केसमधून हेडचे स्टड (लांब बोल्ट) का उपटतात, हे सगळं तो अचूक सांगत होता. त्याच्यावर कुणीही विश्वास टाकला असता.

कळायला हवं होतं ते त्याच्या व्हिडिओवरून. आधी बेअरिंगच्या नव्या बॉक्सचा फोटो आला: ‘आज बसवतोय’. चार दिवसांनी व्हिडिओ: केस जोडलेली, हेड बसलेली, पंख्याच्या घराला काळा चकचकीत रंग. आणि मागे टेबलावर तोच बॉक्स, सीलपट्टी जशीच्या तशी! तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. रंग पाहिला, बॉक्स पाहिला नाही. त्याच संध्याकाळी 9,200 पाठवले. अजून रात्री तेच आठवतं. जुने पार्ट मागितले तेव्हा ‘भंगारात गेले’ म्हणाला, तेही गिळलं. तुम्ही गिळू नका. जुनी बेअरिंग आणि पिस्टन पोत्यात भरून हातात आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

400 किलोमीटरवर खालून ठोका सुरू झाला. दुसरीकडे इंजिन खोललं. मेन बेअरिंगच्या पाठीवर ‘एसटीडी’, म्हणजे मूळ मापाची, ग्राइंड न केलेल्या क्रँकची. बिलात क्रँक 0.25 मिमी ग्राइंड, म्हणजे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) 54.74 मिमीच्या आसपास हवा होता. मायक्रोमीटरवर 54.93 आला. नवा जर्नल 55 च्या किंचित आत असतो, म्हणजे हा नुसता झिजलेला होता, ग्राइंडरला लागलाच नव्हता. बॅरल-पिस्टनमधला गॅप 0.23 मिमी. नव्याला तो 0.04 ते 0.06 असतो, 0.20 झाला की सेट संपला. क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे सरकणं) 0.07 ते 0.13 मिमी हवा. इथे फ्लायव्हील हाताने ओढलं-ढकललं तरी टक् टक् ऐकू येत होतं. हे तपासायला दहा सेकंद लागतात आणि हत्यार लागत नाही.

तीन नंबरचं मेन बेअरिंग गिअरच्या आड असतं. क्रँकवरचे दोन्ही गिअर प्रेसवर काढल्याशिवाय ते बदलताच येत नाही, म्हणून कामचुकार तिथेच हात आखडतात. गिअर काढलेल्या क्रँकचा फोटो मागा.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न: गाडी चालते का? चालत होती म्हटल्यावर ‘मग फसवणूक कुठे, हे दिवाणी प्रकरण’. न केलेल्या ग्राइंडिंगचे पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं, तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. चार हेलपाट्यांनंतर साधा अर्ज घेतला, पोच मागितल्यावर चिडले. सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन केला, तर समोरासमोरचा व्यवहार आहे, सायबर नाही. बँक म्हणते, यूपीआय तुम्हीच केलं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद झाली आणि ग्राहक आयोगात जा म्हणून सांगितलं. तिथे खिडकीवर पक्कं बिल मागतात, आणि आपल्याकडे वहीचं पान! माझ्याकडे मायक्रोमीटरचं माप आहे, फोटो आहेत, बॉक्सचा व्हिडिओ आहे. ते बघायला एकालाही दोन मिनिटं मिळाली नाहीत. तरीही जिल्हा ग्राहक आयोगात जा: 5 लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची.

बेअरिंग आणि बॅरल स्वतः विकत घ्या, फिटरला मजुरीच द्या. क्रँक आणि मायक्रोमीटर एकाच फोटोत हवेत, ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर. आरसीवरचा इंजिन नंबर केसवर असतो, गाडी सोडण्याआधी त्याचाही फोटो काढा. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, जुना कार्बोरेटर साफ करून घ्या, पण लाइन बोरिंगमध्ये आणि स्टडच्या इन्सर्टमध्ये (स्टड धरणाऱ्या नव्या आट्यांमध्ये) नको. हवेचे पत्रे आणि इंजिनाभोवतीचं रबर पूर्ण बसवून घ्या, नाहीतर गरम हवा परत पंख्यात जाते.

ऑइलचा दिवा विझतो म्हणून पैसे देऊ नका, तो 2 ते 6 पीएसआय (दाबाचं माप) एवढ्या कमी दाबालाच विझतो. ऑइल प्रेशरचं गेज लावा. एसएई 30 ऑइल, 70 अंशांवर, 2500 आरपीएमला निदान 28 पीएसआय दिसलं पाहिजे. त्यानंतरच शेवटचा हप्ता.

तो बॉक्स अजून त्याच्याकडे असणार. सीलपट्टीचा उजवा कोपरा थोडा उचकटलेला आहे. तुम्हाला आलेल्या फोटोत तो दिसला, तर त्याच क्षणी पैसे थांबवा आणि गाडी उचला.