भाजी उकडावी की वाफवावी?

भाजी पाण्यात बुडवून उकडावी की पाण्याच्या वर चाळणीत ठेवून वाफवावी, हे ठरवण्यापूर्वी भाजी शिजल्यावर उरलेल्या पाण्याचे आपण काय करणार आहोत, हे पाहावे. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातील इतर जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. त्यामुळे फुलकोबीचे तुरे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतले, तर त्यांतील बराच वाटा पाण्याबरोबर वाहून जातो. वाफवताना भाजी पाण्यात बुडत नसल्याने ही गळती पुष्कळ कमी होते. उष्णतेने क जीवनसत्त्वाची होणारी घट मात्र दोन्ही पद्धतींत टळत नाही, म्हणून वेळेकडे लक्ष हवेच.

फरसबी वाफवायला ठेवून पाच-सहा मिनिटांनी झाकण उघडले, तर शेंग गर्द हिरवी दिसते आणि सुरीचे टोक किंचित अडखळून आत जाते. आच तिथेच बंद करावी, कारण शेंग आणखी शिजत राहिली, की हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि तिचा रंग मळकट होतो. झाकण उघडताना चेहरा आणि मनगट बाजूला ठेवावे. वाफ त्वचेवर पाणी होताना आपली सुप्त उष्णता सोडते, त्यामुळे तिचा चटका फार वाईट असतो.

सूप करायचे असेल, तर उकडणेच सोयीचे, कारण पाण्यात उतरलेले सारे पोटातच जाते. पालकाच्या बाबतीत तर ज्यांना मुतखड्यामुळे ऑक्झलेट (पालकातील, खडे बनण्यास हातभार लावणारे द्रव्य) कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी तो उकडून पाणी टाकून द्यावे, हेच योग्य. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर डॉक्टरांना विचारून भाज्यांसाठीही हीच रीत वापरता येते. गाजरातील बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते रंगद्रव्य) पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थासोबत मात्र चांगले शोषले जाते. तिथे पद्धतीपेक्षा चमचाभर तेलाला महत्त्व अधिक.

रोजच्या जेवणासाठी मी वाफवण्याच्याच बाजूने आहे. तरीही बटाट्यासारखा कंद उकडायचाच असेल, तर तो सालासकट अख्खा उकडावा आणि फोडी नंतर कराव्यात.