नववीसाठी मानवी हक्कांचा वेबक्वेस्ट संच: एक काम वगळा, एक पुरवून वापरा

वेबक्वेस्ट म्हणजे नेमून दिलेल्या संकेतस्थळांवर माहिती शोधून मुलांनी करायचं काम. अमेरिकी प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ साली आखलेल्या त्याच्या साच्यावर हा संच बेतला आहे. दुवे आधीच निवडून दिलेले, त्यामुळे मुलं भलतीकडे भरकटत नाहीत. कोल्हापुरातल्या शाळांना तो उपयोगी पडेल, पण जसाच्या तसा नाही.

पहिलं काम वगळाच. 'जाहीरनाम्यातली ३० कलमं लिहा' (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यातली) म्हटलं की पाच मिनिटांत चिकटवून मोकळे.

पैसे वसूल होतात ते दुसऱ्या कामात. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलीची शाळा बुडते, जबाबदारी कुणाची? चौघांच्या गटात पालक, मुकादम, कारखाना आणि शासन अशा भूमिका. वाचायला तीन मजकूर: शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १९४८ च्या जाहीरनाम्याचं २६ वं कलम आणि २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा. शाहूंच्या कायद्यात मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. आताच्या कायद्यात कर्तव्य पालकाचंही आहे, पण दंड नाही. मूल शाळेत येतंय की नाही हे बघायचं शासनानं. हा फरक मुलांना स्वतः सापडू द्या, फळ्यावर आधी लिहू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ मात्र दाखवा: दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. गटांचा निम्मा वाद तिथंच फिरतो.

खोट वेळेत आहे. संच दोन तासिका सांगतो. ४० मिनिटांतली दहा संगणक सुरू होण्यात जातात, तेव्हा चार धरा. जुन्या मराठी पीडीएफचे फॉन्ट युनिकोड नाहीत, शोध चालत नाही, मजकूर कॉपी केला की अगम्य अक्षरं उमटतात. ती पानं आधीच छापून ठेवलेली बरी. २० पैकी १२ गुण पोस्टरला दिलेत, हे तर उफराटंच. १० गुण 'कोणत्या कलमाचा आधार दिला' याला ठेवा.

वर्गात ऊसतोड कुटुंबातलं मूल असेल तर त्याला 'तू सांग' म्हणून उभं करू नका. आणि मुकादमाची भूमिका सगळ्यात बोलक्या पोराला नको. तो सिनेमातला खलनायक रंगवतो, टोळीला हंगामाआधी दिलेल्या उचलीचं पान उघडायचंच राहून जातं.