नांदूर मधमेश्वर : गाइड घ्यावा, पण आधी पाणी विचारून घ्यावं

नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे. ताडोबासारखी जिप्सी इथे नाही. काठाकाठाने पायी फिरायचं, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यांवर बसायचं आणि सोबत गावातलाच गाइड घ्यायचा. पैसे वसूल होतात का? होतात, फक्त कोणत्या दिवशी जाताय त्यावर बरंच अवलंबून आहे.

२०२० मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं, पण मुळात हा गोदावरी-कादवा संगमाजवळचा शंभर वर्षांहून जुना बंधारा. इतक्या वर्षांत गाळ साचून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, म्हणूनच इथे पक्षी आहेत. कालव्यांना आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे, चमचे, मोर शराटी असे पाणपक्षी चरायला अगदी काठाशी येतात. बंधारा तुडुंब असेल तर हे सगळे पांगतात. उरतात ती मधोमध तरंगणारी बदकं, तीही ठिपक्याएवढी. त्यामुळे गाइडला फोन केल्यावर ‘रोहित (फ्लेमिंगो) आलेत का?’ हे नंतर विचारा. आधी ‘पाणी किती आहे, चिखल उघडा आहे का?’ हे विचारा. नीट उत्तर देणारा गाइड घ्या.

दुसरा प्रश्न स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीचा. मनोऱ्यावरून थव्याचं अंतर एवढं असतं की ८×४२ च्या (आठ पट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून तलवार बदक आणि थापट्या ही दोन बदकं वेगळी करतानाही नवख्याची दमछाक होते. ट्रायपॉडवर २०-६० पट स्कोप असेल तर थापट्याची फावड्यासारखी चोच स्पष्ट दिसते. मात्र दहा जणांत एक स्कोप असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंदच येतात, आणि तेवढ्यात पक्षी मान पिसांत खुपसून बसतो. चार-पाच जणांचाच गट करा.

चांगला गाइड ओळखायचा तो दलदली भोवत्या आल्यावर. हा शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून पाणवनस्पतींवरून अगदी कमी उंचीवर तरंगत येतो. त्याची चाहूल लागताच वारकरी नावाचे काळे पाणपक्षी पाण्यावर धावत सुटतात, मग बदकांचा थवा उठतो. कच्चा गाइड उडालेल्या थव्याकडे बोट दाखवतो. जाणता गाइड आधी भोवत्या दाखवतो, थवा पुन्हा कुठे उतरेल ते सांगतो आणि स्कोप तिकडे वळवून ठेवतो. जाती मोजून यादी लांबवणाऱ्यापेक्षा असा माणूस कधीही चांगला.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत धुकं असलं तर सूर्योदयाला पोचूनही तासभर पांढऱ्या पडद्याकडेच बघावं लागतं. धुकं निवळल्यापासून साधारण दहापर्यंतचा वेळ सगळ्यात चांगला. त्यानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते, स्कोपमध्ये सगळं हलतं आणि महागडी लेन्सही फोटो वाचवत नाही. दुपारी चारनंतर पुन्हा बसता येतं. तेव्हा सूर्य पाठीशी ठेवणारी जागा गाइडकडूनच मागून घ्या, नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्या दिसतील. क्रौंच बघायचे असतील तर पाण्यावर नजर लावून बसू नका. ते दिवसा आजूबाजूच्या शेतांत चरतात, आणि कोणत्या शिवारात उतरलेत हे गावकऱ्यालाच ठाऊक असतं. नुसत्या त्या माहितीसाठीही मार्गदर्शनाचे पैसे द्यावेत.

रविवारी जाणं टाळाच. मनोऱ्यावर गर्दी होते, पोरं जिन्यावर धावतात आणि जवळचे थवे पलीकडे सरकतात. भडक कपडे नकोत, पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज लावणं तर अजिबात नको. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका. या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. बूट चिखलाचे घाला, पाणी आणि खाणं निफाडमधूनच बरोबर घ्या.