फोडलेला बर्फ की गोठवलेल्या बाटल्या?

मालवणहून पुण्याला सुरमई आणायची तर आईसबॉक्स लागतोच. प्रश्न उरतो आत काय भरायचं याचा: बाजारातला फोडलेला बर्फ, की फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या?

गार करण्यात फोडलेल्या बर्फाचा हात कोणी धरणार नाही. तो माशाच्या पोटाखाली, कल्ल्यांपाशी, सगळीकडे शिरतो आणि ताजी मासळी झटपट थंड होते. पण त्याचं पाणी होतं. कोल्हापूर येईस्तोवर तळाशी लालसर पाणी साचतं, त्यात बुडालेल्या तुकड्या मऊ पडतात. शेजारी कोथिंबीर किंवा पोळ्यांचा डबा असेल तर विचारूच नका! बॉक्सला तोटी असेल तर पाणी सोडत राहा. नसेल तर मासे जाड पिशवीत घट्ट बांधूनच बर्फात ठेवा.

बाटलीतलं पाणी मात्र बाटलीतच राहतं. डबे कोरडे, आणि वितळलं की प्यायलाही होतं. अख्खा गोळा असल्यामुळे बर्फ वितळतोही सावकाश. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. खोट एवढीच, की बाटल्यांमध्ये फटी राहतात, त्यामुळे कोमट वस्तू लवकर गार होत नाही. आधीच फ्रीजमध्ये ठेवलेलं दही, चिरलेली फळं यांना त्या उत्तम. थंड हवा खाली उतरते, तेव्हा एखादी बाटली वरही आडवी टाकावी.

ताज्या मासळीला मी बर्फच घेईन, शिदोरीला बाटल्या. दोन्ही एकाच बॉक्सात न्यायचं असेल तर मासे आदल्या रात्री फ्रीजरमध्ये कडक करून घ्यावेत आणि बाटल्यांवर भागवावं.